समाजभवन कसे असावे?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गोंदिया जिल्ह्यात आपले समाजभवन व्हावे म्हणून घरोघरी निधी जमत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पायाभरणीपूर्वी, भवन कोणासाठी व कोणत्या हवेसाठी बांधावयाचे, याचा विचार झाला पाहिजे.

आपण कोहळी म्हणजे तलाव बांधणाऱ्यांचे वंशज. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरांमधील जागा हेरून पाळ घातली. डोंगरांनीच भिंतींचे काम केले. १९५१ साली मालगुजारी संपून असे तलाव सरकारजमा झाले. पुढे देखभाल सैल पडली आणि कित्येक तलाव गाळाने भरले. बांधणे हे अर्धे काम, राखणे हे उरलेले अर्धे, हा धडा इमारतीसही लागू पडतो.

महात्माजी १९३६ साली वर्ध्याजवळील सेवाग्रामास राहावयास गेले. तेथील कुटी माती, बांबू, लाकूड व कवेलू यांची आहे. त्यांच्या विचारांनी प्रभावित झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारतींना विटांच्या जाळीदार भिंती दिल्या. त्यांतून वारा खेळतो आणि खर्चही आवरतो.

आपली लग्ने भर वैशाखातली. दिवसभर तापलेला सपाट स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो. मग यंत्रांच्या विजेचे बिल वधूपित्याच्या माथी येते. म्हणून माझी सूचना अशी, की भिंती जाड विटांच्या, छप्पर उंच व उतरते कवेलूंचे, वर झरोके आणि पश्चिमेस रुंद पडवी असावी. छपराचे पाणी विहिरीत सोडावे. कवेलू दरसाल फेरावे लागतात, हे खरे. परंतु तो पैसा गावच्याच कारागिराच्या घरी जाईल. त्यासाठी निधीचा दहावा हिस्सा आजच वेगळा ठेवावा.

लग्नसराई सरली की भवनास कुलूप लागू नये. पडवीत खेड्यांतून आलेल्या मुलामुलींनी अभ्यास करावा, भगिनींनी सभा घ्याव्यात. मग ती मुले कोणत्याही समाजाची असोत. पूर्वजांच्या तलावाने पाणी देताना कोणाचे शेत निवडले नाही. आपल्या भवनाची सावलीही तशीच असावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.