सम्यक आजीविका आणि वैमानिकरहित विमाने

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरांतील मुले-मुली आज या देशात अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. त्यांना ज्या चांगल्या वेतनाच्या नोकऱ्या खुल्या होतात, त्यांत सैन्यास यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपन्यांच्या नोकऱ्याही असतात. धम्म स्वीकारलेल्या कुटुंबाने अशा नोकरीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न आम्ही आज आपणापुढे मांडीत आहोत.

उदाहरणादाखल कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील जनरल ॲटॉमिक्स ही कंपनी घेऊ. १९५५ साली अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी तिचा जन्म झाला. तिच्या ट्रायगा नावाच्या लहान अणुभट्ट्या संशोधनासाठी अनेक देशांत बसविल्या गेल्या. १९८६ साली नील व लिंडन ब्लू या बंधूंनी ही कंपनी विकत घेतली. त्या सुमारास अब्राहम करीम हा बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये वाढलेला आणि पुढे अमेरिकेत आलेला अभियंता वैमानिकाविना दीर्घकाळ उडणारी विमाने बनवीत होता. आरंभ त्याने लॉस एंजेलिसमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये केला होता. त्याचा उद्योग डबघाईस आल्यावर ते काम जनरल ॲटॉमिक्सकडे गेले. १९९३ साली विमानांसाठी वेगळी कंपनी निघाली आणि १९९४ साली ‘प्रीडेटर’चे पहिले उड्डाण झाले.

प्रारंभी हे विमान केवळ टेहळणी करीत असे. २००१ च्या फेब्रुवारीत त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र सोडण्याची चाचणी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अफगाणिस्तानात त्याचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला. त्यापुढचे ‘रीपर’ हे विमान पंखांच्या टोकांपर्यंत २० मीटर रुंद असून चोवीस तासांहून अधिक काळ आकाशात राहू शकते. नेवाडातील क्रीच हवाई तळावर बसलेला वैमानिक हजारो मैलांवरील विमान उपग्रहाच्या साहाय्याने चालवितो. याच जातीच्या ‘इखाना’ विमानाने २००७ साली नासाने कॅलिफोर्नियातील वणव्यांची पाहणी केली, हेही सांगितले पाहिजे.

हा व्यवहार अमेरिकेपुरताही उरलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत सरकारने याच कंपनीच्या ३१ विमानांसाठी करार केला. त्यांपैकी १५ नौदलासाठी, तर प्रत्येकी ८ भूदल व हवाई दलासाठी आहेत.

मग आपली भूमिका कोणती असावी? अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. दुसरीकडे, परमपूज्य बाबासाहेबांनी सैनिकी पेशा कधी त्याज्य मानला नाही. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत भेद केला आहे. म्हणून शस्त्र तेवढे पाप, असे म्हणून आपली सुटका होत नाही. आवश्यकता होती की नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. आणि ते तपासावयाचे, तर समोरचा माणूस कोण आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

येथे आमच्या वैद्यकीय व्यवसायातील एक नियम सांगावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-सूची प्रसृत केली. तीनुसार रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा व तिचा प्रकार यांची खात्री केल्याशिवाय त्वचेवर छेद घेता येत नाही. शल्यविशारद कितीही निष्णात असो, त्यालाही यातून सूट नाही.

या विमानांच्या युद्धात मात्र ‘सिग्नेचर स्ट्राइक’ नावाची पद्धत रूढ झाली. माणसाचे नाव ठाऊक नसतानाही त्याच्या हालचालींच्या साच्यावरून त्याला शत्रू ठरवून मारावयाचे, असा तिचा अर्थ. पाकिस्तानच्या सरहद्दीवरील टोळीप्रदेशात ती वापरली गेली. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्येही वागण्यावरूनच निष्कर्ष काढला गेला. एका मोटारीवर सुमारे आठ तास पाळत ठेवून क्षेपणास्त्र सोडण्यात आले. दहा निरपराध माणसे मेली. त्यांत सात मुले होती. मोटारचालक एका अमेरिकन मदतसंस्थेचा कर्मचारी होता. ही चूक असल्याचे पेंटॅगॉनने १७ सप्टेंबरला कबूल केले. कॅमेरा उत्तम होता, पाळत प्रदीर्घ होती. तरी माणूस ओळखला गेला नाही.

बंधु-भगिनींनो, न विचारता, न ओळखता, दुरूनच माणसाची किंमत ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. आपल्या पूर्वजांची सावली पाहून त्यांचा निवाडा केला जात असे. त्यांचे गुण, कर्म कोणी विचारीत नसे. तोच निवाडा यंत्राच्या डोळ्याने होऊ लागला, तर त्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य आपले आहे.

अशा कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तेथे समुद्राची राखण करणारी यंत्रेही बनतात आणि घर चालविण्याची जबाबदारी प्रत्येकावर असते. आमचे तरुणांस एवढेच सांगणे आहे, की नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी वेतनाबरोबर तीन गोष्टी विचारा. हे यंत्र कोणाला व कशासाठी विकले जाणार? निशाणा ठरविताना माणूस ओळखण्याची जबाबदारी कोणाची? आणि विवेकास न पटणारे काम नाकारण्याची मुभा मला राहील काय? समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास ती नोकरी सोडून द्या. आपण शिकलेली विद्या अन्यत्रही उपयोगी पडते.

पालकांनीही अशा वेळी मुलांबरोबर बसून या प्रश्नांची चर्चा करावी. पंचशील आपण दर रविवारी एकत्र म्हणतो. त्यातील पहिल्या शीलाचा आपल्या उपजीविकेशी संबंध काय, हा विषय संघाने येत्या वर्षीच्या अभ्यासवर्गात घ्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!