सैनिक घडण्यास लागणारा काळ
(सुरत येथे पालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या आधाराने स्थिरावली आहेत. त्यांतील तरुण सैन्यभरतीची तयारी करतात तेव्हा घरात चर्चा होते ती निवडीची; निवडीनंतरच्या प्रशिक्षणाचा विचार क्वचितच होतो.

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर होऊन सेवेची मुदत चार वर्षे ठरली. प्रशिक्षणाचा काळ याच मुदतीत मोडतो. जानेवारी 2023 मध्ये स्थलसेनेच्या पहिल्या अग्निवीरांचे प्रशिक्षण सुरू झाले, ते 31 आठवड्यांचे होते : 10 आठवडे मूलभूत आणि 21 आठवडे त्या त्या शाखेचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान बेळगावात घडतात, तोफखान्याचे नाशिक रोड व हैदराबाद येथे. पूर्वी पायदळाचे प्रशिक्षण याहून दीर्घ चाले. अमेरिकेने मात्र 2018 पासून आपल्या पायदळातील नवशिक्यांचा काळ 14 आठवड्यांवरून 22 वर नेला. तो आपल्यापेक्षा कमीच आहे. तेव्हा नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

खरी कसोटी पहिल्या दहा आठवड्यांची. पहाटेची धाव, कवायत, शस्त्राची हाताळणी, नेमबाजी आणि 'उस्तादां'ची करडी नजर! शरीराची घडण मात्र हुकमाने त्वरा करीत नाही. स्नायू लवकर बळावतात, हाडांना अधिक अवधी लागतो. धावणे एकाएकी वाढले की नडगीच्या हाडास बारीक तडे जातात. असा रंगरूट उपचारांत आठवडे गमावतो व मागील तुकडीत ढकलला जातो. मुदत आखडली असता ही हानी अधिकच जाणवते.

म्हणून भरतीच्या तोंडावर महिनाभर जिवाच्या आकांताने धावण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे अंतर वाढविणे हितावह. रात्रपाळी करून पहाटे मैदान गाठणाऱ्या मुलाच्या झोपेची व आहाराची काळजी घरच्यांनीच वाहावयास हवी. व्यायामशिक्षकांनी सोळाशे मीटरच्या वेळेइतकेच त्याच्या पायांच्या दुखण्याकडे लक्ष द्यावे.

2025 पासून भरतीची लेखी परीक्षा मराठीत व गुजरातीतही देता येते. योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाते, बाकीचे घरी परततात. तेव्हा भरतीच्या आशेने बारावीचे वर्ष मुलास अर्धवट सोडू देऊ नये.