गळावरची चिमुकली माशी

चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. अशा मचूळ खाडीत बोय, जिताडा सापडतात. त्यांच्यासाठी गळावर पिसं बांधून लहानशी खोटी माशी करायची, तर सामान पारखून घ्यावं.

आधी गळ. खारं पाणी साधं लोखंड गंजवतं, म्हणून स्टेनलेस स्टीलचा घ्या. लहान गळांत नंबर वाढला की गळ बारीक होतो. 8 पेक्षा 12 नंबरचा लहान. दोरा तलम हवा. जाड दोऱ्याच्या चार फेऱ्यांतच डोक्याशी गाठोडं होतं आणि गळाचं नेढं बुजतं.

आता पीस. ते चिमटीत धरून उलटं कुरवाळा. तंतू ताठ उभे राहिले, तर माशी तरंगती ठेवायला बरं. लुसलुशीत असेल, तर पाण्याखाली कोळंबीच्या पायांसारखं हलतं.

राखी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणचट ठिपक्यांची पिसं या छंदात जगभर नावाजलेली. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. आपल्याला पाळीव कोंबड्याचं पीस पुरे. माशी नेटकी बांधली, की मासा पिसाचं कूळ विचारत नाही!