थकवा म्हणजे आळस नव्हे
(महिला आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आज मला एका आजाराविषयी बोलायला सांगितलं आहे. पण सुरुवात करते आमच्या गटाच्या एका चुकीपासून, कारण ती चूक करण्यात मीच पुढे होते.

आमच्या गटातली एक मैत्रीण. सल्ला केंद्र, मोर्चे, पथनाट्य, सगळ्यात पुढे. एकदा तिला ताप आला. ताप उतरला, पण ती काही सावरली नाही. महिने गेले. बैठकीला आली तर भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. बोलता बोलता शब्द सापडायचे नाहीत. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, 'मन रमवा.' सासू म्हणाली, 'नाटकं आहेत.' आणि आम्ही म्हणालो, 'हिचं आता कामात लक्ष राहिलं नाही.'

मी तिला आग्रह करून तीन दिवसांच्या शिबिराला नेलं. म्हटलं, चारचौघींत मिसळली की बरं वाटेल. तिथं ती हसली, गाणी म्हणाली. मला वाटलं, बघा, झाली बरी! घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं अंथरूण धरलं, ते दोन महिने. केस विंचरायला हात वर जाईना.

या आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम किंवा एम.ई. म्हणतात. आपल्या भाषेत, दीर्घकालीन थकव्याचा आजार. पण नुसता थकवा ही त्याची खूण नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ साली लक्षणं नेमकी मांडली. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीसारखी कामं करता न येणं आणि विश्रांतीनं न जाणारा थकवा. झोपूनही ताजंतवानं न वाटणं. आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणं. हे श्रम शरीराचे असोत की डोक्याचे, त्रास अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळतो. जोडीला विसरभोळेपणा, विचारांत गोंधळ, किंवा उभं राहिलं की त्रास वाढणं, यांपैकी एक तरी असतं. बऱ्याच जणींना हा आजार एखाद्या संसर्गानंतर जडतो. कोविडनंतरही असे रुग्ण आढळले आहेत. नेमकं निदान करणारी एकही तपासणी नाही, पूर्ण बरं करणारं औषधही नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार जास्त दिसतो.

आणि म्हणूनच त्याचा इतिहास आपण माहीत करून घ्यायला हवा. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळजवळ ३०० कर्मचारी आजारी पडले. रुग्णालय बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅकएव्हडी आणि बियर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद वाचून निष्कर्ष काढला की तो सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांच्या कारणांपैकी एक असं, की आजारी पडलेल्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं! रुग्णांना त्यांनी तपासलंही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६९ सालीच या आजाराची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली होती. तरी 'मनाचे खेळ' हा शिक्का पुसायला दशकं लागली. व्यायाम टप्प्याटप्प्यानं वाढवत नेण्याचा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २०२१ साली तो उपचार देऊ नये असं सांगितलं. मी मैत्रिणीला शिबिराला नेलं, ते याच समजुतीतून.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठली बाई दमलेली नसते? खरं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणून आधी ते तपासायलाच हवं. थायरॉईड, मधुमेह, क्षय हेही. पण तेवढ्यावर थांबू नका. २००५ साली गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ २५०० स्त्रियांना विचारलं, तर १२ टक्के जणींनी दीर्घकाळचा थकवा सांगितला. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कमी शिक्षणाशी, उपासमारीशी, मनाच्या त्रासाशी आणि नवऱ्याच्या लैंगिक हिंसेशी. या सगळ्या जणींना एम.ई. होता असं नव्हे. पण बाई 'दमले' म्हणते तेव्हा त्यामागे आजार असेल, उपास असेल, मार असेल. तिला विचारल्याशिवाय कळणार कसं? नुसत्या लोहाच्या गोळ्या हातावर ठेवणं किंवा 'टेन्शन आहे' म्हणणं, दोन्ही न ऐकण्याचेच प्रकार.

मग आधार द्यायचा कसा? माझ्या मैत्रिणीनंच आम्हाला शिकवलं. अंगातली ताकद ही महिन्याच्या पगारासारखी. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी उधळायची नाही. दमण्याआधी थांबायचं. तिनं रोजची वही ठेवली: काय केलं, दोन दिवसांनी काय झालं. डॉक्टरकडे जाताना आमच्यातली एक ती वही घेऊन सोबत जाते, म्हणजे तिला सगळं पुन्हा सांगत बसावं लागत नाही. घरी नवऱ्याशी आणि सासूशी आम्ही बोललो. स्वयंपाक, पाणी भरणं यांची वाटणी झाली, भांडणाशिवाय झाली नाही. आठवड्यातून दोनदा आमच्यापैकी कुणीतरी डबा पोचवते. भेटायला गेलो तर अर्ध्या तासात उठतो. बैठकीत तिच्यासाठी गादी घालतो. ती आली नाही तर 'का आली नाहीस' असं विचारत नाही.

आपण घरकामाला श्रम म्हणायला समाजाला शिकवलं. पण चळवळीत मात्र जी रात्रंदिवस राबते तीच खरी कार्यकर्ती, असं आपणच मानतो. हे मापही तपासायला हवं.

आज इथं येण्याआधी मैत्रिणीला विचारलं, तुझ्याबद्दल बोलू का? ती म्हणाली, 'बोल. पण मी बरी झाले असं सांगू नकोस. मी आजारी आहे आणि गटात आहे, एवढं सांग.'

तेवढंच सांगते आणि थांबते.