गाडी आमची, बिलही आम्हीच वाचणार

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

फळ्यावर माझ्या भाषणाचा विषय लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. सकाळपासून आपण पोटगीवर बोललो, घरातल्या हिंसेवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागण्यावर बोललो. आणि आता ‘गाडीची दुरुस्ती’? हा काय बायकांचा प्रश्न झाला? म्हणून आधी एकच विचारते. आज इथे स्वतःची गाडी चालवत कितीजणी आल्या? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. मग हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

आपल्या आया गाडीवर बसल्या त्या मागे, एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत. १९७२ साली लुना आली आणि शहरातल्या शिक्षिका, कारकून बायका हळूहळू पुढच्या सीटवर आल्या. मग बिनगिअरच्या स्कूटर आल्या, त्या खेड्यापर्यंत पोचल्या. आज अंगणवाडी सेविका, आशाताई, नर्सबाई, डबे पोचवणारी, पार्लर चालवणारी, सगळ्यांचं काम या दोन चाकांवर उभं आहे. संध्याकाळची एसटी चुकली तर ‘मला न्यायला या’ असं कुणाला विनवावं लागत नाही, ही साधी गोष्ट नाही. गाडीची किल्ली ही बाईच्या हातातली मोठी सत्ता आहे. म्हणूनच गॅरेजमध्ये काय घडतं याकडे आपण नीट बघायला हवं.

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमध्ये मी मुद्दाम हा विषय काढला. सुरुवातीला सगळ्या गप्प. मग एकीनं तोंड उघडलं आणि रांगच लागली.

एक आशाताई म्हणाली, ‘साधं सर्व्हिसिंग सांगितलं होतं, सातशेच्या आसपास होईल म्हणाले. संध्याकाळी हातात तीन हजार चारशेचं बिल. बेल्ट बदलला, रोलर बदलले, क्लच शू बदलले. मी म्हटलं, जुने दाखवा. तर म्हणे, भंगारात गेले.’ तिचा महिन्याचा हिशेब त्या एका बिलानं कोलमडला. दुसरीनं सांगितलं, ‘मी बोलत होते, तो माणूस माझ्या भावाकडे बघून उत्तरं देत होता. भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला गाडी चालवतासुद्धा येत नाही.’ खानावळीचे डबे पोचवणाऱ्या एकीची गाडी ‘उद्या देतो, उद्या देतो’ करत अकरा दिवस अडकवली. त्या अकरा दिवसांत तिची चार गिऱ्हाइकं तुटली.

आणि एकीची गोष्ट ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. ब्रेकचं काम करून तिनं गाडी आणली. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागलाच नाही. केबलचा नट घट्ट आवळलेलाच नव्हता. मनगट मोडलं. गॅरेजवाला म्हणाला, ‘मॅडमनी ब्रेक जोरात दाबला असेल.’ घरचे म्हणाले, ‘तरी सांगत होतो, बाईमाणसाला गाडी झेपत नाही.’ हात दीड महिन्यात बरा झाला. किल्ली मात्र नवऱ्याच्या खिशात गेली ती गेलीच.

चूक कुणाची होती आणि शिक्षा कुणाला झाली, हे नीट बघा. कारागिराचा निष्काळजीपणा बाईच्या नालायकीच्या खात्यावर जमा झाला. पुरुषाची गाडी बंद पडली तर गाडी खराब असते. बाईची बंद पडली तर बाई खराब असते. हा न्याय आपण स्वयंपाकघरापासून ओळखतो, फक्त इथे त्याला ग्रीसचा वास आहे.

आता काहीजणी म्हणतील, गॅरेजवाले पुरुषांनाही फसवतात. फसवतातच. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेला आणि २०१३ साली पुढे आलेला एक अभ्यास ऐका. त्यांनी स्त्री आणि पुरुष दोघांकडून अनेक गॅरेजना फोन करवले आणि मोटारीचा रेडिएटर बदलण्याचा दर विचारला. फोन करणाऱ्याला दराची काहीच कल्पना नाही असं दिसलं, तेव्हा बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला. पण ‘याला साधारण इतके पडतात असं मला समजलंय’ असं सांगून विचारलं, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. म्हणजे बाईला काही कळत नाही, असं धरूनच दर ठरतो. आणि तिला कळतं एवढं दिसलं, की दर सरळ होतो. ही बातमी वाईट आहे, पण तिच्यात आपल्या कामाची गोष्टही आहे.

फसवणूक होते कशी? फार गूढ काही नाही. न बदललेला भाग बिलात लागतो. चांगला चाललेला भाग ‘गेलाय’ म्हणून बदलला जातो. बाजारातला साधा भाग घालून कंपनीच्या भागाचे पैसे घेतात. ऑइल पूर्ण न बदलता वरून थोडं भरतात. चांगली बॅटरी काढून दुसरी जुनी बसवतात. पंक्चर एक असतं, पैसे चारचे होतात. आणि सगळ्यात हुकमी वाक्य म्हणजे, ‘ताई, इंजिनचं काम निघालंय, नाही केलं तर रस्त्यात बंद पडेल.’ रात्री एकटं रस्त्यात अडकण्याची बाईची भीती त्याला पक्की ठाऊक असते. तो सुटा भाग विकत नाही, ती भीती विकतो.

यावर आपल्याला सांगितलं जातं, ‘बायकांना मशीनमधलं कळत नाही.’ खरंच? शिलाई मशीनची बॉबीन केस उघडून साफ करतं कोण? तिला तेल देतं कोण, सुटलेला पट्टा चढवतं कोण? कुकरची रिंग कधी गेली, मिक्सरचा कपलर कधी झिजला, हे नुसत्या आवाजावरून ओळखतं कोण? आपण. पण बाईनं केलं की ते ‘घरकाम’ आणि पुरुषानं केलं की ‘टेक्निकल’. ज्ञान आपल्याकडे होतंच, त्याला मान नव्हता. शिलाई मशीन समजणाऱ्या बाईला एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग समजायला एक दुपार पुरते.

तेव्हा करायचं काय? आधी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कपाटातून बाहेर काढा. किती किलोमीटरला ऑइल बदलायचं, किती ऑइल लागतं, कोणता भाग कधी तपासायचा, हे सगळं त्यात असतं. पाऊण लिटरच्या आसपास ऑइल लागणाऱ्या गाडीला बिलात दीड लिटर कसं लागलं, हे मग विचारता येतं.

गाडी देताना जॉब कार्डावर किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा आणि नेमकी तक्रार लिहून घ्या. कोऱ्या कार्डावर सही करायची नाही. अंदाजे खर्च लेखी मागा आणि त्यावरच लिहा, ‘यापेक्षा जास्त काम निघाल्यास आधी विचारावे.’ झाडाखालचा मिस्त्री कार्ड देणार नाही, तर त्याला फोनवर लेखी निरोप पाठवा आणि तो जपून ठेवा. बदललेले जुने भाग परत मागायचे, हे आधीच सांगायचं. नव्या भागाचं पाकीट मागायचं. त्यावर भागाचा क्रमांक आणि छापील किंमत असते. बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवायला सांगायची. आणि पैसे देण्याआधी तिथेच एक फेरी मारायची. दोन्ही ब्रेक, दिवे, हॉर्न बघायचे. मागे चार गिऱ्हाइकं उभी असली तरी लाजायचं नाही.

आता कायद्याबद्दल. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही या कायद्याप्रमाणे सेवा आहे. ती निष्काळजीपणे केली तर ती सेवेतली त्रुटी ठरते. बिल किंवा पावती न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणून ‘बिल कशाला, तेवढेच पैसे वाचतील’ याला भुलू नका. बिल नाही तर पुढे हातात काहीच नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि नव्या कायद्यानं एक फार मोलाची सोय दिली आहे. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो लिहून घ्या. आयोगाचा निकाल काही आठवड्याभरात लागत नाही. पण आधी पाठवलेल्या लेखी पत्रानं आणि हेल्पलाइनच्या तक्रारीनंच पुष्कळदा काम होतं, हे आपल्या गटांनी पाहिलं आहे.

एक अडचण नेहमी येते. ‘पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही.’ १८७२च्या करार कायद्यात कलम १७० आहे. ठरलेलं काम कारागिरानं केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क त्याला आहे. म्हणून तिथे आरडाओरडा करून गाडी ओढून आणू नका. गाडीची तातडी असेल तर पैसे भरा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘तक्रार राखून पैसे दिले’ असं लिहा, तारीख घाला, फोटो काढा. त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. गाडी त्याच्या ताब्यात असताना शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यानं घ्यायलाच हवी. पेट्रोल गेलं, आरसा फुटला, तर ‘आमची जबाबदारी नाही’ अशी पाटी लावून तो हात झटकू शकत नाही.

मैत्रिणींनो, एक भानही ठेवायला हवं. आपलं भांडण हातात पाना धरलेल्या पोराशी नाही. गॅरेजमधली कितीतरी मुलं शाळा सुटलेली, उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये भाग धुणारी, तुटपुंज्या पगारावर राबणारी आहेत. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या माणसाच्या मानेवर महिन्याच्या विक्रीचं टार्गेट असतं. आणि ‘ताई, हा भाग अजून सहा महिने चालेल, उगीच बदलू नका’ असं सांगणारे प्रामाणिक मिस्त्रीही आपल्याला भेटलेले आहेत. त्यांची नावं आपण एकमेकींना सांगत नाही, ही खरी अडचण आहे. फसवणूक झाली की आपण लाजेनं गप्प बसतो. घरी कळलं तर किल्ली जाईल, या भीतीनं बिल लपवतो. आणि या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल हे घरातले प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिच्या वाटपाचं काम घराघरातल्या बायकांनी पेललं. हिशेब बघणारी बाई ही आपल्या चळवळीची जुनी ओळख आहे. तोच हिशेब आता गॅरेजच्या काउंटरवर मांडायचा आहे.

म्हणून तीन गोष्टी प्रत्येक गटानं ठरवून घ्याव्यात, असं मी सुचवते. एक, गटाची एक वही. कुठे काम केलं, अंदाज किती, बिल किती, काम कसं झालं, हे प्रत्येकीनं लिहायचं. चांगल्या मिस्त्रीचं नाव ठळक लिहायचं. दोन, मोठं काम निघालं तर एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं. आणि बरोबर नेण्यासाठी दीर किंवा भाचा शोधायचा नाही, मैत्रीण न्यायची. तीन, महिन्यातून एक दुपार एखाद्या प्रामाणिक मिस्त्रीला, जमलं तर हे काम शिकलेल्या मुलीला, बोलवायचं आणि एक गाडी सगळ्यांसमोर उघडायची. हात काळे होऊ द्यायचे.

आणि जिची किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली आहे, तिच्या घरी पुढच्या आठवड्यात आपण चौघीजणी जाणार आहोत. दुरुस्तीचं बिल आणि दवाखान्याचे कागद घेऊन बसू, गॅरेजला पत्र लिहू, आणि ते घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू. चूक कुणाची होती हे त्या घरात एकदा स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. ज्यांना बरोबर यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं.