नाव कुणाचं राहतं?

कुणी भांडी घासताना आम्हाला ऐकत असेल, कुणी शिवणाच्या मशीनवर बसून. अशा दुपारच्या वेळी खुनांचा विषय कशाला, असं आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या. पण तो विषय मोबाइलमधून आपल्या घरात कधीच शिरलाय. मुलं जेवता जेवता खुनाच्या मालिका बघतात आणि खरं सांगायचं तर आपणही बघतो.

आमच्या बैठकीत आम्ही एक सोपा प्रश्न विचारला. चार्ल्स शोभराज कोण, हे कुणाकुणाला ठाऊक आहे? सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, त्यानं मारलेल्या माणसांपैकी एकाचं तरी नाव सांगा. कुणालाच सांगता येईना.

त्याला ‘बिकिनी किलर’ म्हणतात. हे नाव आलं कुठून? 1975 साली थायलंडच्या किनाऱ्यावर टेरेसा नोल्टन या अमेरिकन तरुणीचा मृतदेह सापडला, तेव्हा तिच्या अंगावर पोहण्याचे कपडे होते. ती नेपाळला बौद्ध धर्म शिकायला निघाली होती. म्हणजे बघा, मेलेल्या मुलीच्या अंगावरचा कपडा घेतला आणि मारणाऱ्याच्या नावाला झालर म्हणून लावला. ती काय शिकायला निघाली होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याचं दुसरं टोपणनाव ‘सर्प’. त्याच नावाची मालिका 2021 साली जगभर बघितली गेली.

आता त्याची रीत ऐका. परदेशी फिरायला आलेल्या मुलामुलींशी गोड बोलून ओळख काढायची, खाण्यापिण्यातून गुंगीचं औषध द्यायचं, आजारी पडले की सेवा करायचं सोंग आणायचं आणि त्यांचे पैसे-पासपोर्ट लांबवायचे. त्यातल्या कितीतरी जणांचा त्यानं जीव घेतला. आपल्याकडे एसटीत गुंगीचं बिस्कीट देऊन गळ्यातलं मंगळसूत्र काढून नेणारा असतो ना, त्याला आपण ‘सर्प’ म्हणत नाही. मेल्या चोरट्या म्हणतो. शोभराजची जात तीच. फरक इतकाच की हा इंग्रजी-फ्रेंच बोलायचा आणि फोटोत बरा दिसायचा.

मार्च 1986 मध्ये तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो पळाला. एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात, पर्वरीच्या एका हॉटेलात धरला. पुढे त्या हॉटेलात पुतळा बसला, तो कुणाचा? शोभराजचा. टेबलाशी बसलेला. लोक शेजारी बसून फोटो काढायचे. 2025 साली झेंडे साहेबांवर हिंदी सिनेमा आला, त्यात निदान नायक पोलीस आहे. पण एवढ्या वर्षांत टेरेसाचा पुतळा कुणाला सुचला नाही.

आणि हा माणूस सापडला तो काही कुणाच्या जादूनं नाही. दोन डच तरुण प्रवासी, एक मुलगा आणि त्याची मैत्रीण, घरी नेमानं पत्रं लिहायचे. ती पत्रं येईनाशी झाली, तेव्हा घरच्यांनी बँकॉकच्या डच वकिलातीला कळवलं. तिथल्या हर्मन निपेनबर्ग नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं तो कागद बाजूला न टाकता शोध सुरू केला, पुरावे जमवले. पत्र न आल्यानं काळजीत पडलेलं घर ही या गोष्टीची खरी सुरुवात आहे, पण सिनेमावाल्यांना त्यात रस नसतो. नेपाळच्या कोर्टानं शोभराजला कॉनी जो ब्रॉन्झिच या अमेरिकन तरुणीच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली ती 2004 साली. खून झाला होता डिसेंबर 1975 मध्ये. मधल्या काळात काही वर्षं हा पॅरिसला राहून मुलाखतींचे पैसे घेत होता.

टोपणनावांचा हा धंदा जुना आहे. 1888 साली लंडनच्या गरीब वस्तीत बायकांचे खून झाले, तेव्हा ‘जॅक द रिपर’ ही सही असलेलं पत्र एका वृत्तसंस्थेकडे आलं. ते कुणा पत्रकारानंच लिहिलं असावं, असं तेव्हाच्या काही पोलीस अधिकाऱ्यांचंही मत होतं. खुनी सापडला नाही, नाव मात्र आजही पैसे कमावतं.

आपल्या पुण्याची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. 1976-77 मध्ये कलेचं शिक्षण घेणाऱ्या चार तरुणांनी दहा माणसं मारली. संध्याकाळ झाली की लोक दारं लावून बसायचे, हे आपल्या आया-सासवांनी सांगितलंय. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. लोक या प्रकरणाला ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणतात. इथं नाव गेलेल्यांच्या घरांचं राहिलं, हे आम्हाला चांगलं वाटतं. सिनेमावाल्यांनी मात्र आपली वाट सोडली नाही. ‘माफीचा साक्षीदार’मध्ये नाना पाटेकरांनी त्या टोळीच्या म्होरक्याची भूमिका केली आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या माहितीपटाचं नाव आहे ‘जक्कल’. म्होरक्याचंच आडनाव.

आणि ‘जोशी-अभ्यंकर’ या नावातही सगळे मावत नाहीत. पहिला गेला प्रकाश हेगडे, त्या मुलांचा वर्गमित्र. मग अच्युत जोशी, उषा जोशी आणि त्यांचा मुलगा आनंद. मग 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकरांचं घर. काशिनाथशास्त्री 88 वर्षांचे, संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे पंडित. त्यांच्या पत्नी इंदिराबाई. नातवंडं जाई आणि धनंजय, एकवीस आणि एकोणीस वर्षांची. शेवटी 1977 च्या मार्चमध्ये अनिल गोखले. मोजलंत? नऊ झाले.

दहाव्या सकूबाई वाघ. वय साठ. अभ्यंकरांच्या घरी काम करायच्या आणि त्याच रात्री, त्याच घरात मारल्या गेल्या. शास्त्रीबुवांचा कोश ग्रंथालयात आहे. सकूबाईंचं वयापलीकडे काही वाचायला मिळत नाही. त्या कुठल्या गावच्या, त्यांच्या मागे कोण होतं, त्या घरी परतल्या नाहीत तेव्हा वाट कुणी पाहिली, काही नाही. आमच्या निम्म्या श्रोत्या चार घरची कामं करतात, म्हणून हे आम्हाला जास्त बोचतं. मुंबईच्या रमन राघवचंही तेच. त्याच्या नावाचा सिनेमा 2016 साली आला. त्यानं मारलेली माणसं फुटपाथवर, झोपड्यांत झोपणारी गरीब माणसं होती. त्यांची नावं कोण घेतं?

यावर एका मैत्रिणीनं बरोबर शंका काढली. नाव घेणं नेहमी चांगलंच का? नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे आणि ती तशीच असावी. 2012 च्या दिल्लीच्या मुलीला म्हणूनच ‘निर्भया’ हे नाव मिळालं. तीन वर्षांनी तिच्या आईनं जाहीर सभेत लेकीचं खरं नाव घेतलं, मला लाज वाटत नाही म्हणाली. तो हक्क त्या आईचा. आपला नव्हे, चॅनलवाल्यांचा तर मुळीच नव्हे.

तेव्हा आमच्या केंद्रावर सध्या असं ठरलंय. खुनाची बातमी वाचताना टोपणनाव वाचायचं नाही. आरोपीचं नाव गरजेपुरतं, एकदा. ‘थरारक’, ‘मास्टरमाइंड’ हे शब्द कापायचे. गेलेली बाई किंवा माणूस काय काम करत होता, हे आधी सांगायचं, आणि घरच्यांना नको असेल तर तेही नाही. यात बातमी थोडी फिकी होते, अशी तक्रार येते. येऊ दे.

एक विनंती. सकूबाई वाघ यांना ओळखणारं कुणी, त्यांच्या नात्यातलं किंवा शेजारचं, तुमच्या माहितीत असेल तर केंद्रावर येऊन आम्हाला सांगा. त्यांची तयारी असेल तरच आम्ही ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्यांच्याकडे जाऊ.