मार्गदर्शकाचा रकाना
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख करून देताना ‘विज्ञान प्रदर्शनात लोहारकाम दाखवून तालुक्यात दुसरी आलेली आपली मैत्रीण’ असं सांगितलं गेलं. वीस वर्षांच्या सॉफ्टवेअरपेक्षा तुमच्या तेच लक्षात राहिलं, याची गंमत वाटली. पण त्या बक्षिसाबद्दल एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

१९९४ चा उन्हाळा. आठवीची परीक्षा नुकतीच संपली होती. शाळेच्या मागच्या कुंपणापलीकडे, चिंचेखाली, घिसाड्यांचं पाल पडलं होतं. पेरणीच्या आधी ते यायचे, हे तुम्हालाही आठवत असेल. जमिनीत रोवलेली लहानशी ऐरण, शेजारी भट्टी. नवरा बसून सांडशीत लोखंड धरायचा आणि उभी राहून घण मारायची त्याची बायको. ‘हे मुलींचं काम नाही’ असं घरचे मला नंतर म्हणाले, पण तोवर मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आईची विळी धार लावायला घेऊन गेले आणि दुपारभर तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना गेले. तिसऱ्या दिवशी मावशीनं (मी तिला मावशीच म्हणायचे) भाता माझ्या हाती दिला.

मग घरामागे माझी स्वतःची भट्टी सुरू झाली. गॅरेजमधून ट्रकचा टाकून दिलेला ब्रेक ड्रम, खालून लोखंडी नळी, हातानं फिरवायचा जुना पंखा आणि लोणारी कोळसा. ऐरण म्हणून बाभळीच्या ओंडक्यात बसवलेलं मोडक्या घणाचं डोकं. सांडशी नव्हती. पकडीनं धरायला गेले आणि बोटं भाजून घेतली. मावशी हसली. म्हणाली, “सळई दोन हात लांब ठेव. टोक तापतं, मूठ गार राहते. सांडशी कशाला लागते?” इतकं सोपं होतं! एकदा जस्ताचा मुलामा असलेली नळी भट्टीत घातली आणि त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप आला. कुणी घरी प्रयोग करणार असेल, तर तेवढं टाळा. आणि नायलॉनची ओढणीसुद्धा.

पहिलं खुरपं बांधकामाच्या सळईचं केलं. पाण्यात बुडवलं, चर्र आवाज झाला, मी खूश. पहिल्याच वाफ्यात ते वाकलं. त्या लोखंडात कार्बनच कमी, ते कडक कुठून होणार? मग गॅरेजमधून जीपच्या पाट्याचा तुकडा आणला. तो ठोकता ठोकता दंड भरून आले. तापवून थेट पाण्यात घातला. या वेळी वाकला नाही. हातातून फरशीवर पडला आणि दोन तुकडे झाले.

ते तुकडे घेऊन रडवेली होऊन मी पालावर गेले. मावशीनं मोडलेली कड पाहिली आणि म्हणाली, “कडक झालंय गं, पण नरम कोण करणार? नुसतं पाणी दिलं की काचेसारखं फुटतं.” मग तिनं एका तुकड्याची कड विटेवर घासून चकचकीत केली, तो पाठीकडून पुन्हा हळूहळू तापवला आणि मला म्हणाली, “बघत राहा.” पोलादावर रंग सरकायला लागले. फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. निळा धारेपर्यंत यायच्या आत तिनं तो पाण्यात घातला. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हाच धडा टेम्परिंग नावानं भेटला. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. मावशीकडे आकडे नव्हते, रंग होते.

त्या प्रदर्शनात माझी स्वतःची भर एकच होती. पोलाद तापवत गेलं की एका टप्प्याला लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो. शुद्ध लोखंडाला हे ७७० अंशांना घडतं. स्पीकरमधला चुंबक लावून मी ते परीक्षकांना दाखवलं. बाकी सगळं मावशीचं.

तक्त्यावर ‘मार्गदर्शक’ असा रकाना होता. मी तिथं शास्त्राच्या सरांचं नाव लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, “रंगांचं हे कुणी शिकवलं?” मी म्हटलं, “पुस्तकात वाचलं.” पालावर जाऊन शिकले, हे सांगायची लाज वाटली. सरांचा यात काही दोष नाही. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते लोक पुन्हा आले. मी दहावीच्या क्लासला सायकलवरून जात होते. मावशीनं हाक मारली, “भट्टी चालू आहे का गं?” मी ‘हो’ म्हटलं आणि पेडल मारलं. बक्षिसाचं सांगितलं नाही. भट्टी तेव्हा बंदच होती.

या स्मरणिकेत गुरुजनांची यादी छापली जाणार आहे. मी संपादकांना विचारलं, एक नाव वाढवाल का? ते लगेच तयार झाले. म्हणाले, पूर्ण नाव आणि गाव कळव. मला दोन्ही माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शेती होती, कोयते-खुरपी त्यांच्याकडूनच यायची. कुणाच्या आईवडिलांना ती माणसं कुठून यायची हे आठवत असेल, तर जेवणाच्या वेळी मला जरूर भेटा. यादी छापायला जायला अजून आठ दिवस आहेत.